स्वभाव म्हणून खपलेला ताण

खोलीची किल्ली हातात घेताना आमच्याकडचे पाहुणे बहुतेक एकच वाक्य बोलतात, "तुमचं बरंय हो, समुद्र दाराशी, कसलं टेन्शन नाही." मी हसते. दिवेआगरात घरगुती राहण्याजेवण्याची सोय करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिनेही हे ऐकलेलं असतं आणि हसून सोडलेलं असतं. त्या वेळी आत मोदकपात्र चढवलेलं असतं, मोटर पाणी ओढत नसते, वरच्या खोलीतला गिझर गेलेला असतो आणि फोनवर पुण्याहून कुणीतरी विचारत असतं, "वॉकिंग डिस्टन्स म्हणजे नक्की किती?"

हे रोजचंच. याला कुणी ताण म्हणेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही. ताण मुंबईच्या लोकलमध्ये असतो, पुण्याच्या कंपन्यांमध्ये असतो. आमच्याकडे नुसती धावपळ. घरात सगळे म्हणायचे, हिचा स्वभावच तसा. चटकन चिडते, सगळं स्वतः बघायला जाते, एका जागी बसत नाही. ऐकून ऐकून मलाही ते पटलेलं होतं.

मग एक दिवस दाढेचा तुकडा पडला, तोही घावन खाताना. घावनाने दाढ तुटली हे कुणाला सांगायचीही सोय नाही. श्रीवर्धनला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढ बघितली, बाकीचे दात बघितले, मग हातात आरसा दिला. "ताई, हे सुळे बघा." सुळ्यांना टोकंच उरली नव्हती. वरचे, खालचे, दोन्ही सपाट, कानस मारल्यासारखे. गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरट वळ उठलेला. कानाच्या पुढे जबड्याच्या स्नायूवर त्यांनी बोट दाबलं तर मी ओरडलेच. म्हणाले, "झोपेत दात खाता. दिवसाही आवळून धरत असाल. कधीपासून?" मला काय माहीत? बाहेर बसलेल्या ह्यांना विचारलं, तर ह्यांचं उत्तर, "रात्री करकर आवाज येतो खरा. मला वाटलं, जंत झाले असतील."

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. तोंड मिटलेलं असताना ओठ टेकलेले हवेत, पण दात सुटे. वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना, एरवी मध्ये फट असायला हवी. मी खुर्चीतच लक्ष देऊन पाहिलं. माझे दात घट्ट बसलेले होते. ते सुटे करायचे तर मला मुद्दाम करावे लागले, आणि डॉक्टर दुसरं काही बोलायला लागले तेवढ्यात ते पुन्हा जाऊन बसले. रात्री दातांवर घालायला त्यांनी नाइट गार्ड बनवून दिला. पैसे घेताना म्हणाले, "याने दात वाचतील. तुम्ही ते कशामुळे आवळताय, हे मला नाही सांगता येणार. एकदा बीपी तपासून घ्या."

बीपी निघालं १४८/९४. माणगावच्या फिजिशियननी लगेच गोळी लिहिली नाही. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, सकाळ-संध्याकाळ घरी मोजा आणि आठवड्याने या, म्हणाले. दवाखान्यात बीपी चढतंच, म्हणून तिथे १४० आणि ९०च्या वर गेलं तर जास्त धरतात आणि घरी १३५ आणि ८५च्या वर. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. ही पाच मिनिटं बसणं मला जमेना! मिनिटाभरात उठून कुकर बघून येत होते. आकडे घरीही चढेच आले. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी, सगळं करून घेतलं, कारण छातीत धडधड आणि थकवा त्यानेही होतो. शिवाय माझं पाळी जायचं वय, तेही त्यांनी सांगितलं. रिपोर्ट बरे आले. तेव्हा त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

मी म्हटलं, चांगली आहे, पडल्या पडल्या लागते. "आणि जाग कधी येते?" तीनला. रोज तीनला जाग येते आणि मग मी पडल्या पडल्या हिशेब करते. पतसंस्थेचा हप्ता, शनिवारची ताटं, कामाला कोण येणार, नारळ उतरवायला पाडेली मिळणार का. हे मी इतक्या सहज सांगितलं की ते जरा थांबले. सगळ्यांचंच असं असतं असं मला वाटत होतं. ॲसिडिटी, मान आखडणं, डाव्या खांद्यात कळ, संध्याकाळ झाली की कुणाच्याही आवाजाने डोकं उठणं, भाजीत मीठ घातलं की नाही हे न आठवणं: यातली प्रत्येक गोष्ट मी वेगळी धरून तिच्यावर वेगळा उपाय करत होते. मानेला तेल, पोटाला जिरं, डोक्याला बाम. त्यांनी सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमची नारळ-पोफळीची वाडी. २०१९ मध्ये कर्ज काढून वाडीच्या कडेला खोल्या बांधल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, दुपारचे काही तास. पोफळी मधून मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले, खोल्यांचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. वीज यायला कित्येक आठवडे गेले. सुपारीचं रोप लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे एका दुपारी किती वर्षं गेली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणि गंमत अशी की त्या दिवसांत मी ठणठणीत होते. पहाटे उठून झावळ्या ओढल्या, पंचनाम्याचे कागद जमवले, विहिरीतला पाला काढला, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवलं. ना मान दुखली, ना पोट. सगळे म्हणायचे, बाई खंबीर आहे.

मी बी.एस्सी. झालेले, त्यामुळे काही समजलं नाही की वाचत बसायची खोड आहे. डॉक्टरांच्या कागदानंतर वाचायला घेतलं. हान्स सेल्ये म्हणून हंगेरीत वाढलेले आणि कॅनडात स्थिरावलेले संशोधक होते. १९३६ साली त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की त्रास कुठलाही असो, थंडी, इजा, विष, शरीर उत्तर साधारण एकाच साच्यातलं देतं. त्याच्या तीन पायऱ्या: आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, आणि ताण सरलाच नाही तर शेवटी ढासळणं. मला लख्ख दिसलं ते मधल्या पायरीवर. तग धरलेला माणूस बाहेरून आजारी दिसतच नाही. उलट कर्तबगार दिसतो. दोनाची कामं एकटा करतो, झोपेतून हाकेसरशी उठतो, त्याचं कौतुक होतं. माझी वादळानंतरची तीनेक वर्षं त्या पायरीवर गेली आणि गावाने, घराने, मीही त्याला माझा स्वभाव म्हटलं.

यातलं आतलं काम मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी करतात. मेंदूने धोका ओळखला की आधी ॲड्रिनलिन, आणि पाठोपाठ मेंदूतून संदेश उतरत जाऊन कॉर्टिसॉल, अशी दोन हार्मोन्स सुटतात. साखर रक्तात सोडा, नाडी वाढवा, स्नायू आवळा, पचन नंतर बघू. वाघ समोर असेल तर फारच उत्तम व्यवस्था. कॉर्टिसॉल एरवीही असतंच. मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, पहाटेकडे चढत जातं आणि उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त. काम झालं की मेंदू स्वतःच 'आता पुरे' म्हणून आवरतं घेतो. पण धोका हप्त्याच्या रूपाने दर महिन्याला येत असेल, ढगाच्या रूपाने दर जूनला येत असेल, तर आवरतं घ्यायचं कधी? १९९३ मध्ये ब्रूस मॅक्युएन आणि एलियट स्टेलर या दोघांनी अशा सततच्या ताणाने शरीराची जी झीज होते तिच्यावर लिहिलं. रक्तदाब, साखर, झोप, स्मरण, सगळीकडे ती झीज थोडी थोडी दिसते. माझी दातांवर दिसली, एवढंच.

फिजिशियननी कमी मात्रेची गोळी सुरू केली आणि सांगितलं की कुणाशी तरी बोला. इथे मानसोपचाराचे डॉक्टर कुठून आणायचे? त्यांनीच १४४१६ हा नंबर दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेली मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. फोन करायला मी खूप दिवस लावले. काय सांगणार, माझे दात झिजले म्हणून? शेवटी एका दुपारी वाडीत पंपाच्या खोलीमागे उभी राहून केला, सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून.

पलीकडच्या बाईंचा आवाज तरुण होता. त्यांनी उपदेश केला नाही, नुसते प्रश्न विचारले आणि एक काम दिलं. अंग आवळलेलं लक्षात आलं की वेळ लिहायची, जागा लिहायची आणि त्या वेळी काय चाललं होतं ते लिहायचं. बुकिंगच्या वहीची मागची पानं रिकामीच होती. "पहाटे ३, जबडा, काही नाही." "सकाळी ११, खांदा, फोन वाजला, अजून उचलला नव्हता." "दुपारी ४, पोट, रिव्ह्यू वाचला." अशा ओळी.

ही पानं उलटून वाचली तेव्हा दोन गोष्टी मला अगदी अनपेक्षित होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं त्या शनिवारी मी बरी असते. गुरुवारी संध्याकाळी, सगळं सामसूम असताना, सगळ्यात जास्त आवळलेली असते. म्हणजे कामापेक्षा कामाची वाट पाहणं मला जड जात होतं. दुसरी गोष्ट झावळीची. वाडीत झावळी पडते तो आवाज लहानपणापासून ऐकतेय, माझं माहेरही वाडीतलंच. आधी एक सळसळ, मग धप्प. वहीत रात्रीच्या जितक्या ओळी होत्या त्यातल्या बऱ्याच ओळींत 'झावळी' होतं. २०२० पासून माझा मेंदू प्रत्येक झावळीला वादळाची पहिली झावळी समजत होता. हे फोनवर वाचून दाखवलं आणि मला रडू आलं. वादळात एकदाही रडले नव्हते.

श्वासाचं सांगते, कारण त्याबद्दल फार गोड गोड लिहिलं जातं. डोळे मिटून शांत बसा हा सल्ला मला मुळीच मानवला नाही. डोळे मिटले की हिशेब सुरू, नाडी आणखी जोरात. शांत बसण्याने अस्वस्थता वाढणारे बरेच असतात, फोनवरच्या त्या बाईंनीच सांगितलं, त्यात तुमचं काही चुकत नाही. डोळे उघडे ठेवा, हाताला काम असू दे, फक्त सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांबवा. याचं कारण मनगटावर बोट ठेवून कुणालाही तपासता येतं. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम लावते. मी नारळ खवताना सुरू केलं. विळीवर दोन वाट्या खवून होईपर्यंत लांब लांब उच्छ्वास. खोबरं संपतं तेव्हा खांदे कानांपासून खाली आलेले असतात.

आणि टिकल्या. दिवसभर दात सुटे ठेवायचं लक्षात राहणार कसं? लाल टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि एक फ्रिजच्या दारावर, एक मोटरच्या स्विचवर, एक बुकिंगच्या वहीवर, एक फोनच्या पाठीवर चिकटवली. टिकली दिसली की जबडा सोडायचा. पाहुण्यांपैकी एका आजींनी फ्रिजवरच्या टिकलीला नमस्कार केला, त्यांना वाटलं देवीचं काही असेल. मी काही बोलले नाही.

सासूबाई रोज तिन्हीसांजेला माळ घेऊन बसतात. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं, एका उच्छ्वासात दोनदा, मग सावकाश श्वास. इतकी वर्षं मी त्या वेळी भाकऱ्या थापत असायचे आणि मनातून चिडायचे की ह्यांना बरं बसायला मिळतं. आता घड्याळ लावून मोजलं तर त्यांचे मिनिटाला सहा-सात श्वास भरले. माणूस एरवी साधारण बारा ते वीस घेतो. २००१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचं काम छापून आलं होतं. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्हीने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते असं त्यात दिसलं. लोक होते तेवीसच, तेव्हा फार ताणायला नको. पण सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांना आत्ता कळलं होय? बस मग." आणि पाट पुढे सरकवला. मी रोज बसत नाही. माझा देवावर त्यांच्याइतका भार नाही. पण बसते तेव्हा त्यांच्या लयीत श्वास आपोआप उतरतो, हे खरं.

श्वासाने हप्ता भरला जात नाही, हे मात्र मला प्रत्येक शांततेच्या शिबिरवाल्याला सांगायचंय. आमच्या घरी खरं भांडण झालं ते बुधवारवरून. बुधवार-गुरुवार बुकिंग घ्यायचं नाही असं मी म्हटल्यावर हे म्हणाले, "आणि कर्ज?" मग आम्ही दोघं पतसंस्थेत गेलो, मुदत वाढवून घेतली, हप्ता कमी झाला, व्याज एकूण जास्त जाणार. ते मान्य केलं. रात्री साडेनऊनंतरचे फोन हे घेतात. आयत्या वेळचं बुकिंग बंद. हवामानाचं ॲप माझ्या फोनवरून काढलं. वादळाचा इशारा असेल तर गावात दवंडीसारखा फिरतोच. उत्पन्न घटलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्याला तेवढीही कपात परवडत नाही त्याला मी कुठल्या तोंडाने 'शांत राहा' सांगू?

पावसाळ्याचं शिकले भरडखोलहून येणाऱ्या मावशींकडून. दारावर मासळी घेऊन येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, माशांची वीण असते म्हणून आणि दर्या खवळलेला म्हणून. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. मी विचारलं, दोन महिने पैसे नाहीत, चिंता नाही वाटत? म्हणाल्या, "वाटते तर. डिझेलचं देणं काय कमी आहे? पण जून-जुलैत केली तरी होडी सुटत नाय." कोळीवाडा म्हणजे सुखाचं आगर असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्यांच्या वर्षाला थांबायची जागा आहे आणि ती सगळ्यांना एकदम मिळते, एकट्याने मागावी लागत नाही. आम्ही पर्यटनवाल्यांनी 'पावसाळी पॅकेज' काढून आमची ती जागा स्वतःच भरून टाकली. गेल्या वर्षीपासून जुलैत आमच्या खोल्या बंद असतात.

आजची स्थिती म्हणाल तर गोळी चालू आहे. बीपी बहुतेक १२५-१३० आणि ८०च्या आसपास. तीनची जाग आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी येते, रोज नाही. नाइट गार्डवर दातांच्या नव्या खुणा कमी दिसतात, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. झावळी पडली की अजून दचकते. मागच्या मे महिन्यात एकाने 'समुद्राचा आवाज फार येतो' म्हणून दोन तारे दिले, तेव्हा दुपारभर जबडा दगड झाला होता, चारही टिकल्या बघून काही उपयोग झाला नाही. मग विहिरीवर जाऊन कपडे आपटले, त्याने झाला.

बीपीचं मशीन आता घरात क्वचितच असतं. आधी जाऊबाईंनी नेलं, मग समोरच्या खानावळीच्या वहिनींनी, मग गल्लीभर फिरलं. जाऊबाईंचं बीपी चढं निघालं, त्या माणगावला जाऊन आल्या, त्यांच्याही फ्रिजवर आता टिकली आहे. वहिनींचं त्यांच्यापेक्षा जास्त निघालं. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मला काय झालंय? माझा स्वभावच आहे असा." गुरुवारी मी त्यांना घेऊन माणगावला जाणार आहे. खानावळीतल्या ताटांचं काय ते ह्यांना बघायला सांगितलंय.